सिद्दी, मुंबई आणि सर जोसाया चाइल्ड

लखनौच्या तेलीबागेत मुलांना जंजिऱ्याची हकीकत सांगताना आपण सिद्दीला केवळ स्वराज्याचा वैरी म्हणून उभा करतो. पण तेवढ्याने ती पुरी होत नाही.

सर जोसाया चाइल्ड हा लंडनचा व्यापारी, पार्लमेंटचा सभासद व ईस्ट इंडिया कंपनीचा सूत्रधार. आफ्रिकेतील माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेच्या मळ्यांसाठी विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतही त्याने भांडवल गुंतविले होते. त्याच्याच धोरणाने ईस्ट इंडिया कंपनीने १६८६ साली औरंगजेबाशी युद्ध मांडले. १६८९ मध्ये सिद्दी याकुतखान शिवडीस उतरला आणि माझगाव, माहीम घेऊन त्याने मुंबईच्या किल्ल्याला वेढा घातला. अखेर बादशहाची क्षमा मागून व दीड लाख रुपये दंड भरून १६९० साली कंपनीने सुटका करून घेतली.

मलिक अंबराप्रमाणे कित्येक हबशी गुलाम म्हणूनच दख्खनेत आले होते. याकुतखान त्यांचा सूड घेत नव्हता. तो मोगलांची चाकरी बजावीत होता. तथापि ज्या खंडातील माणसे चाइल्डच्या लेखी माल ठरली, त्याच खंडाच्या एका वंशजाने त्याच्या कंपनीला वर्षभर किल्ल्यात कोंडून धरले. वैऱ्याची ही हकीकतही आपल्या मुलांना ठाऊक असावी.