विषाची परीक्षा

विषाची परीक्षा घेऊ नये, असे मराठीत म्हणतात. आणि रोजच्या व्यवहारात हा उपदेश योग्यच आहे. तथापि काही विद्या अशा आहेत की, त्यांत ही परीक्षा घेतल्यावाचून पुढे जाताच येत नाही. आग विझविणाऱ्या जवानाला खरी आग पेटवूनच शिकवावे लागते. संगणकांच्या संरक्षणाची विद्या याच जातीची आहे. कुलूप कसे फुटते हे ज्याने स्वतःच्या हाताने करून पाहिले नाही, त्याने ते मजबूत तरी कसे करावे? मात्र ही परीक्षा घ्यावयाची कोठे, हा प्रश्न उरतो. सायबर सुरक्षेच्या शिक्षणाचा इतिहास हा बव्हंशी या जागेच्या शोधाचा इतिहास होय.

ही जागा नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९८८ साली घडले. रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी. वयाची तेवीस वर्षेही पूर्ण न झालेला. त्याने आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम लिहिला व २ नोव्हेंबर रोजी एमआयटीमधील एका संगणकावरून तो इंटरनेटवर सोडला. त्याची एक युक्ती अशी होती : समोरच्या संगणकाने माहिती ठेवण्यासाठी ५१२ बाइटांची जागा राखली असता त्याने ५३६ बाइट पाठवावयाचे. भांडे भरून जे बाहेर सांडले, त्यातूनच यंत्राचा ताबा मिळत असे. फायली नष्ट करण्याची आज्ञा त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. परंतु एका यंत्रात आपण आधीच शिरलो आहोत असे कळूनही सातांपैकी एका वेळी पुन्हा शिरावे, असा नियम मॉरिसने घातला होता. हे प्रमाण भलतेच अधिक ठरले. एकेका यंत्रात प्रतींची दाटी होऊन यंत्रे ठप्प झाली. त्या वेळी इंटरनेटवर साठ हजारांच्या आसपास संगणक होते. त्यांतील सुमारे सहा हजार पछाडले गेले, असा अंदाज रूढ झाला.

हार्वर्डमध्ये मॉरिसला ओळखणारे गणितज्ञ मायकेल राबिन यांनी या प्रमाणाबद्दल नंतर एवढाच अभिप्राय दिला की, त्याने ते आधी नकली यंत्रणेवर चालवून पाहावयास हवे होते. या अभिप्रायात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. मॉरिसला १९९० मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तास समाजसेवा व दंड अशी शिक्षा झाली. पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला.

या घटनेनंतर त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींशी सामना करणारे पहिले पथक उभे राहिले. अशा पथकांसाठी माणसे तयार करावयाची तर प्रयोगशाळा हवी. प्रारंभी ती विटामातीची होती : कुलूपबंद खोली, बाहेरच्या जाळ्याशी कसलाही संबंध नसलेल्या तारा, आणि बिघडविण्यासाठीच विकत घेतलेले संगणक. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने अशी तोडलेली प्रयोगशाळा उभारली आणि २००१ पासून लष्करी अकादम्यांमध्ये संगणक-संरक्षणाच्या चढाओढी होऊ लागल्या. परंतु लष्कराला जे परवडते ते सामान्य महाविद्यालयाला कोठून परवडावे? एका तुकडीने संगणक बिघडविले की दुसऱ्या तुकडीपूर्वी ते सर्व पुन्हा सिद्ध करावे लागत.

या अडचणीवरील उपाय जुन्याच भांडारात पडून होता. आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात १९६४ मध्ये एका प्रणालीचे काम सुरू झाले व १९६७ च्या प्रारंभी ती वापरात आली. एकाच मोठ्या संगणकाचे चौदांपर्यंत आभासी संगणक करावयाचे, आणि प्रत्येक वापरणाऱ्याला संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे वाटावयाचे, ही तिची करामत. ही कल्पना १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने साध्या मेजावरच्या संगणकावर आणली. आता यंत्र म्हणजे एक फाइल झाली. ते बिघडले तर पूर्वीची प्रत उघडावी, की यंत्र पुन्हा कोरे!

अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक वेनलियांग डू यांनी २००२ मध्ये 'सीड' नावाची प्रयोगमाला आरंभिली. तिच्यात मॉरिसचे तेच सांडणारे भांडे विद्यार्थ्यापुढे ठेवले जाते. प्रथम यंत्राची संरक्षक कवचे मुद्दाम काढून ठेवतात. विद्यार्थी आपल्याच आभासी यंत्रावर हल्ला करून ताबा मिळवितो. मग एकेक कवच पुन्हा चढविले जाते, आणि तोच हल्ला कोठे व का अडतो हे त्याला दिसते. ही प्रयोगमाला विनामूल्य असून जगातील हजारांहून अधिक संस्थांनी ती वापरली आहे.

तरीही आभासी यंत्र चालविण्यास सशक्त संगणक लागतो, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याजवळ नसतो. ॲमेझॉनने २००६ मध्ये दूरच्या गोदामांतील संगणक तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि ही शेवटची अडचणही बरीच ओसरली. शिक्षक एक नमुना यंत्र सिद्ध करतो. त्याच्या साठ प्रती निघतात. प्रत्येकीभोवती स्वतंत्र बंदिस्त जाळे असते. आणि तास संपताच सारे पुसून टाकता येते. विद्यार्थ्याला केवळ ब्राउझर पुरतो. करोनाच्या साथीत २०२० मध्ये महाविद्यालयांची दारे बंद झाली, तेव्हा या सोयीचे मोल सर्वांनाच कळले.

भारतात केंद्र सरकारने २००९ च्या राष्ट्रीय मोहिमेतून 'व्हर्च्युअल लॅब्ज' हा उपक्रम हाती घेतला. दिल्लीच्या आयआयटीने पुढाकार घेतलेल्या या कामात मुंबईची आयआयटी, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व हैदराबादची ट्रिपल आयटी याही संस्था सहभागी झाल्या. गुप्तलेखनाच्या प्रयोगांची शाळा हैदराबादने सिद्ध केली. मात्र एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. पडद्यावर तत्त्वाचे चित्र उलगडून दाखविणे निराळे, आणि खरेखुरे यंत्र विद्यार्थ्याच्या हाती देऊन ते फोडावयास सांगणे निराळे. पहिल्याने समज येते, दुसऱ्याने हात तयार होतो. लहान गावातल्या विद्यार्थ्याला या दोन्हींची गरज आहे.

या नव्या भिंती अभेद्य आहेत असे मात्र समजू नये. एका आभासी यंत्रातून निसटून मूळ यंत्रावर ताबा मिळविता येईल, असा दोष २०१५ मध्ये उघडकीस आला. तो होता आभासी फ्लॉपी चालविणाऱ्या भागात! फ्लॉपी व्यवहारातून गेली, तरी तिच्यासाठी लिहिलेले काही शब्द अकरा वर्षे तसेच राहिले होते. शिवाय भाड्याची यंत्रे बंद करावयाची राहिली, तर भाडे चढतच राहते.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. जी कृती प्रयोगशाळेत अभ्यास ठरते, तीच दुसऱ्याच्या संगणकावर परवानगीवाचून आणि अप्रामाणिक हेतूने केल्यास भारताच्या २००० च्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरते. कुलूपबंद खोलीत हा भेद उंबरठाच शिकवीत असे. घरी बसून ब्राउझरमधून शिकणाऱ्यापुढे तसा उंबरठा नाही. प्रयोगाचे यंत्र आणि शेजाऱ्याचे यंत्र एकाच पडद्यावर दिसते. म्हणून प्रयोगशाळा जितकी स्वस्त व सुलभ होईल, तितके शिक्षकाचे काम वाढणार आहे. हल्ल्याची रीत शिकविण्यापूर्वी परवानगी म्हणजे काय हे शिकविणे, हा आता या विद्येचा पहिला धडा झाला आहे.