लीलावईंतील सातवाहन आणि नाणेघाटांतील सातवाहन

जुन्नर तालुक्यांतील मढ गांवाहून माळशेजकडे निघालें कीं समोर सह्याद्रीची धार दिसूं लागते. याच धारेवर नैर्ऋत्येस नाणेघाट आहे. तेथील लेण्यांत सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा होत्या. आतां पावलांचे अवशेष व माथ्यावरील नांवें तेवढीं उरलीं आहेत. त्यांत राणी नागनिका व राजा श्रीसातकर्णी यांस मिळून एकच नामलेख आहे आणि राणीचें नांव आधीं आहे. भिंतीवरील मोठा लेख यज्ञांची व दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणें यांची यादी सांगतो. मधेंच मासोपवास करणाऱ्या व्रतस्थ राणीचा उल्लेख येतो. प्रेमाविषयीं शिला याहून अधिक बोलत नाहीं.

तें काम पुढें कित्येक शतकांनीं कौतूहल कवीनें केलें. त्याचें ‘लीलावई’ काव्य इ. स. ८०० च्या सुमाराचें मानितात. पत्नीच्या आग्रहावरून चांदण्या रात्रीं सांगितलेल्या या कथेची भाषा मरहट्ट देशीची, असें तो स्वतःच म्हणतो. पाटण, जेसलमेर व बिकानेर येथील पोथ्यांवरून डॉ. आ. ने. उपाध्ये यांनीं हें काव्य १९४९ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलें.

नायक प्रतिष्ठानचा राजा सातवाहन, नायिका सिंहलाची राजकन्या लीलावती. सैन्य पाठवून कन्या हरण करावी, अशी ही कथा नव्हे. राजाचा सेनापति विजयानंद वादळांत सांपडून गोदावरीच्या मुखाशीं लागतो आणि तेथें त्यास सर्व वृत्तांत कळतो. लीलावतीचें मन राजावर जडलें आहे. परंतु सखी महानुमतीस तिचा प्रियकर माधवानिल मिळेपर्यंत विवाह करावयाचा नाहीं, हा तिचा निश्चय आहे. राजा तो निश्चय मोडूं पाहत नाहीं. गुरु नागार्जुनाबरोबर तो पाताळांत उतरतो व नागांच्या पहाऱ्यांतून माधवानिलास सोडवितो. पुढें भीषणानन राक्षसास मारितो, तों शापमुक्त होऊन दुसऱ्या सखीचा, कुवलयावलीचा, पति चित्रांगद प्रकट होतो. राजाचा स्वतःचा विवाह त्यानंतर. पराक्रम सारा परक्याच्या विरहासाठीं खर्ची पडला आहे, हें आम्हांस या काव्याचें मर्म वाटतें.

मात्र यावरून सातवाहनांच्या सिंहलसंबंधाचा इतिहास कोणी रचूं लागल्यास आम्ही त्यास संमति देणार नाहीं. काव्यांतील प्रधानाचें नांव पोट्टिस; तेंच गाथासप्तशतीच्या कवींतही आढळतें. कवीपुढें राजवंशाची बखर नव्हती, हालाच्या गाथांची परंपरा होती. नाणेघाटांतील नागनिका त्यास ठाऊक होती, असें काव्यांत कोठेंही दिसत नाहीं.