मोठं झालेलं हृदय

वेस्ट मांबलमला आमच्या वरच्या मजल्यावर एक तंजावरी मराठी कुटुंब राहतं. गेल्या वर्षी तिथल्या अक्कांनी मुलाच्या इकोचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. ‘तू भाषांतरं करतेस ना, हे नीट मराठीत सांग.’ मी म्हटलं, हृदय मोठं झालंय. त्या क्षणभर हसल्या, ‘मोठ्या मनाचा तर तो आहेच.’ मग हळूच म्हणाल्या, ‘दारूनं नाही गं, संगतीनं.’

हे मी आधी ऐकलं होतं. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ 1919मध्ये रंगभूमीवर आला. त्यातल्या सुधाकराइतकाच तळीरामही आपल्या लक्षात राहिला. बोल लावायला कुणीतरी लागतंच.

वैद्यकानंही असे तळीराम शोधले. 1884मध्ये म्युनिकच्या ओटो बोलिंगर यांनी बिअर पिणाऱ्यांची वाढलेली हृदयं नोंदवली. शहरात माणशी वर्षाला 432 लिटर बिअर खपत होती, उरलेल्या जर्मनीत 82. दोषाचा एक वाटा इतक्या द्रवाच्या भाराला गेला. पुढे बेरीबेरीतलं हृदय ओळखीचं झालं, तेव्हा दोष ब1 जीवनसत्त्वाच्या अभावावर गेला. 1965-66मध्ये क्युबेकमध्ये बिअर पिणारे दगावले. तिथे फेस टिकावा म्हणून घातलेलं कोबाल्ट सापडलं. बेरीबेरी खरी होती, कोबाल्टही खरं होतं. पण दारू दरवेळी मागच्या दारानं सुटत होती. 1960नंतरच्या दशकांत मात्र स्पष्ट होत गेलं, की नीट जेवणाऱ्याचं हृदयही दारूच बिघडवते.

शरीरात, मुख्यतः यकृतात, दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. दारू आणि हे मधलं विष हृदयाच्या पेशीत प्रथिनं बनण्यात आणि कॅल्शियमच्या ये-जा करण्यात अडथळा आणतात. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया बिघडतात. पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या जवळजवळ येत नाहीत. उरलेल्या ताणल्या जातात, डावा कप्पा फुगतो आणि त्याचा जोर कमी होतो.

म्हणजे माझंच भाषांतर चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले. ‘अक्का, मोठं नाही, सैल पडलंय. आणि ते दारूनंच.’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, ‘आता सोडली तर?’

‘वेळेत सोडली, औषधं घेतली, तर पुष्कळांचं बरंच सावरतं.’

‘हे त्याला तमिळमध्ये लिहून दे,’ त्या म्हणाल्या. ‘संगतीचं काही लिहू नकोस.’