पिंपळगाव, पण कोणतं?

आमच्या गावाचं नाव पिंपळगाव राजा. तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा. पत्त्यातला 'राजा' गाळलात तर पार्सल कुठे जाईल सांगता येत नाही. आमच्याच जिल्ह्यात मोताळ्याकडे पिंपळगाव देवी आहे, जळगाव जामोदकडे पिंपळगाव काळे आहे, आणि नाशिककडचं पिंपळगाव बसवंत तर कांद्यामुळे सगळ्यांनाच माहीत. माझं एम.एस्सी.च्या प्रवेशाचं एक पत्र असंच नऊ दिवस फिरून घरी आलं होतं. तेव्हा खूप चिडले होते. आता पीएचडीसाठी एचएलएचे तक्ते चाळताना कळतं, की रक्ताच्या मूळपेशींचा दाता शोधणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं याच भानगडीत घालवली आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि दाता तिचाच भाऊ. भाऊच का? तर आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात आणि शरीर त्यांवरूनच आपलं-परकं ठरवतं. ही जनुकं आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच अशी येतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असली तरी ती ४४ टक्क्यांच्या आसपासच जाते. ज्यांचं घरात जुळत नाही, त्यांना अनोळखी माणूस शोधावा लागतो.

तसा तो शोध आधीच सुरू झाला होता. १९७३ साली न्यूयॉर्कमधल्या एका लहान मुलाला थेट कोपनहेगनमधला दाता मिळाला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये शर्ली नोलन यांनी आपल्या मुलासाठी, अँथनीसाठी, दात्यांची नोंदवही सुरू केली. अँथनीला दाता मिळाला नाही, १९७९ मध्ये तो गेला. नोंदवही मात्र आजही चालू आहे. मग इतर देशांतही अशा नोंदवह्या निघाल्या आणि डॉक्टरांना प्रत्येकीकडे वेगळी विचारणा करावी लागू लागली. १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या योन फान रूड यांनी सगळ्यांच्या याद्या एकत्र करायचं ठरवलं. १९८९ च्या पहिल्या आवृत्तीत आठ नोंदवह्यांमधले दीड लाखाच्या आसपास दाते होते.

पण याद्या एकत्र करायच्या तर सगळ्यांनी एकाच भाषेत लिहायला हवं ना! इथेच खरी गंमत आहे. पॅरिसमध्ये झां दॉसे यांनी १९५८ साली पहिला प्रकार ओळखला, त्याला नाव दिलं 'मॅक'. कॅलिफोर्नियात रोझ पेन यांना जो 'एलए२' सापडला, तो हाच. म्हणजे गाव एक आणि पाट्या दोन. १९६४ पासून प्रयोगशाळा एकत्र बसून आपापले निकाल ताडून पाहू लागल्या, तर सुरुवातीला ते जुळेचनात. शेवटी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली नामकरण समिती बसली आणि 'ए२' सारखी सामायिक नावं रूढ झाली.

तेव्हाची तपासणी रक्तद्रवावर चालायची, बऱ्याचदा अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या. त्यातली प्रतिद्रव्यं पेशीला चिकटली तर प्रकार 'आहे', नाही तर 'नाही'. अशा चाचणीला जे दिसत नाही ते कागदावर येतच नाही. आपल्याकडे याचं उदाहरण फार जुनं आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे आणला. ही माणसं साध्या चाचणीत 'ओ' दिसतात, पण त्यांना ओ गटाचं रक्त चालत नाही. (माझा स्वतःचा गट ओ आहे. हे पहिल्यांदा वाचल्यावर मी रात्री दहाला घरी फोन लावला होता.)

'ए२'चंही तेच निघालं. डीएनए वाचता यायला लागल्यावर कळलं, की ए२ म्हणजे नुसतं 'पिंपळगाव' आहे. पुढचा 'राजा', 'देवी', 'काळे' लिहायलाच हवा. म्हणून १९८७ पासून ए*०२०१ असं चार आकडी लेखन आलं. पहिले दोन आकडे गट सांगतात, पुढचे दोन नेमका प्रकार. दोन आकड्यांत ९९ च्या पुढे जागा नाही, पण तेवढी पुरेल असं तेव्हा वाटलं असावं. नाही पुरली. मग ए*०२ च्या शंभरीपुढच्या प्रकारांसाठी ए*९२ आणि बी*१५ साठी बी*९५ असे जोडगट काढले गेले. घरात जागा संपली म्हणून पाहुण्यांना शेजारी झोपवावं, तसं. आता ९२ म्हणजे खरं तर ०२, हे नव्या माणसाला कोण सांगणार?

एप्रिल २०१० मध्ये यावर उपाय आला: मधे दोन टिंबं. ए*०२०१ चं ए*०२:०१ झालं आणि शेजारी झोपलेलं ए*९२०१ परत घरी येऊन ए*०२:१०१ झालं. त्यासाठी जगभरच्या नोंदवह्यांना आपल्या संगणकांत एकाच सुमाराला बदल करावे लागले. आज नोंदवलेले प्रकार ४० हजारांच्या पुढे आहेत, आणि कोलनच्या पुढे हवे तेवढे आकडे मावतात.

आता तुम्ही म्हणाल, दोन टिंबांसाठी एवढं काय! सांगते. युरोपीय लोकांतला ए२ बहुतेक करून ०२:०१ असतो. भारतीयांत मात्र तो ०२:०१, ०२:०३, ०२:०६ असा विखुरलेला आहे, आणि ०२:११ आपल्याकडे चांगलाच आढळतो, तिकडे तो विरळा. जुन्या कागदावर खामगावचा रुग्ण आणि जर्मनीतला दाता दोघंही 'ए२', म्हणजे जुळले. प्रत्यक्षात ते वेगळे, आणि फरक मोठा असला तर नव्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात. म्हणून आज ए, बी, सी आणि डीआरबी१ या चार जनुकांच्या दोन्ही प्रती, म्हणजे आठपैकी आठ जुळतात का हे बघतात.

दुसऱ्या शब्दांत, आपला दाता बहुधा आपल्याच लोकांत सापडणार. जगाच्या यादीत आता चार कोटींहून जास्त दाते आहेत, त्यांत भारतीय नोंदवह्यांतले काही लाखच. चेन्नईची 'दात्री' २००९ पासून काम करते आहे, मुंबईतही मॅरो डोनर रजिस्ट्री आहे. नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की पुरतं.

राहिला दात्याचा पत्ता. पूर्वी दोन देशांतल्या दोन दात्यांना एकच क्रमांक असू शकायचा, म्हणजे पुन्हा पिंपळगावच! आता प्रत्येकाला १९ अक्षर-अंकांचा 'ग्रिड' क्रमांक असतो. पहिले चार नोंदवहीचे, मधले तेरा दात्याचे, शेवटचे दोन नुसते तपासणीसाठी. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर हे शेवटचे दोन जुळत नाहीत आणि संगणक तिथल्या तिथे अडवतो. आपल्या पिनकोडमध्ये अशी सोय नाही.