खानदेशाने पाहिलेल्या दोन मंद्या

दिवाळीच्या फराळाशेजारी मंदीची गोष्ट काढणे कित्येकांस रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु धनत्रयोदशीच्या संध्याकाळी जळगावच्या सराफ बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते, ती गर्दी पाहिली की मला ही गोष्ट हटकून आठवते. या गर्दीत हौस आहे तशी धास्तीही आहे. आमच्याकडच्या बायकांनी सोने अंगावर मिरवले खरे, पण मनात त्याचा हिशेब वाईट दिवसांसाठीच ठेवला. त्या हिशेबामागे दोन मंद्यांची शिकवण आहे.

पहिली मंदी आली ती तेजीचा हात धरून. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इंग्लंडची नजर हिंदुस्थानाकडे वळली आणि आमच्या काळ्या कसदार जमिनीचे नशीब फळफळले. रेल्वेचा रूळ त्याच वर्षांत खानदेशात येत होता. जळगाव पाहता पाहता कापसाची मोठी पेठ बनले. धुळ्याला रेल्वे यायला १९०० साल उजाडावे लागले. तोवर तिकडचा माल बैलगाड्यांनीच जाई. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचे चांगले बियाणे शेतकऱ्यांच्या गळी उतरवले. चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या दिवसांच्या म्हणून सांगतात. धावा चांदीच्या असोत वा नसोत, माणसांचे डोके ठिकाणावर नव्हते एवढे निश्चित. मुंबईत तर बॅकबे कंपनीच्या शेअरांवर लोक अक्षरशः झडप घालीत होते.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघणार हे ठरले आणि भाव कोसळले. १ जुलैला मुंबईत शेअरांचे वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी भले भले दिवाळ्यात निघाले. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजासुद्धा त्यातून सुटला नाही. जळगावची पेठही या घसरणीत चांगलीच पोळली.

तेजीत ज्याने रोख मिळकत केली तो वाचला. तेजीच्या भरवशावर ज्याने कर्ज काढले तो बुडाला. सावकारानेही तेजीत हात सैल सोडला होता. जमिनीला किंमत आली होती, म्हणून गहाणखतावर तो आनंदाने पैसे देई. भाव उतरल्यावर जमीन तीच राहिली, कर्जाचा आकडाही तोच राहिला, बदलला फक्त कापूस.

दुसरी मंदी १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बाजारातून निघाली आणि वर्षभरात आमच्या खळ्यांत येऊन बसली. शेतमालाचे भाव चार वर्षांत निम्म्याच्या आसपास आले. पावसाने दगा दिला नव्हता, टोळधाड आली नव्हती, पीक शेतात उभे होते; तरी घरात पैसा नव्हता. दुष्काळ लोकांना ठाऊक होता. ही पीडा त्यांना नवीन होती.

शाळेत मी मुलांना हे गणिताने समजावतो. समजा, शंभर रुपये देण्यासाठी दहा मण कापूस विकावा लागत होता. भाव निम्मा झाला की तेच शंभर रुपये वीस मणांना पडतात. शेतसारा रोख रुपयांत, व्याज रोख रुपयांत. म्हणजे एक पैसाही नवा न घेता माणसाचे कर्ज दुप्पट होते. मुले आधी हसतात, मग गप्प होतात. त्यांतल्या पुष्कळांच्या घरी आजही कपाशीच आहे.

नोकरदारांचे मात्र उलटे झाले. १९३१ च्या अखेरीस सरकारी नोकरांच्या पगारातून दहा टक्के कापले गेले, तेव्हा मोठी ओरड झाली. पण धान्य त्याहून कितीतरी अधिक उतरले होते. ज्याची नोकरी टिकली त्याच्या ताटात अन्न वाढले, कमी झाले नाही. ज्या काळात महिन्याचा बांधलेला पगार म्हणजे पोलादी किल्ला होता, त्याच काळात, १९३० साली, अमळनेरच्या शाळेतले साने गुरुजी मास्तरकी सोडून सत्याग्रहात गेले. मी स्वतः मास्तर आहे. त्या धैर्याचे मोल मला पगाराच्या तारखेला विशेष कळते.

खेड्यात तगले ते वेगळ्याच हिशेबाने. सगळ्या रानात कपाशी न लावता ज्याने थोडी दादर, थोडा उडीद घरापुरता ठेवला, त्याची कळण्याची भाकर चुकली नाही. आखाजीला सालदाराचा करार होई. ज्याचे साल धान्यावर ठरले होते त्याला भाव पडल्याची झळ कमी लागली. पण पुष्कळ मालकांनी त्या वर्षी सालदारच ठेवला नाही. आपण फक्त कोसळलेल्या भावाची आठवण ठेवतो. आखाजीनंतर ज्याला कोणी हाक मारली नाही, त्याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही.

आणि मग सोने. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, रुपया पौंडाला बांधलेला होता, त्यामुळे तोळ्याचा भाव एकवीस-बावीस रुपयांवरून चढत पुढे तिशीच्या वर गेला. देशभरातल्या गावोगावच्या पेट्या उघडल्या. पाटल्या, गोट, पुतळ्या आटवून मुंबईच्या बंदरातून विलायतेला गेल्या. अर्थशास्त्रज्ञ त्यावर अजून वाद घालतात. घरातल्या बाईपुढे वाद नव्हता. जमीन द्यायची की माळ, एवढाच प्रश्न होता.

या दुखण्याला सार्वजनिक तोंड फुटले ते १९३६ च्या डिसेंबरात, फैजपूरला. काँग्रेसचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. सारा कमी करा, कर्जाचा भार हलका करा, अशा मागण्या तिथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली मांडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात कर्जनिवारणाचा कायदा १९३९ साली झाला. तोवर ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गेल्याच.

आमची गेली नाही. माझ्या पणजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. पणजोबा शेत गहाण टाकायला निघाले, तेव्हा ती उंबऱ्यात आडवी बसली, असे आजी सांगे. सोन्याचा भाव चढल्याची बातमी तिला बोहारणीकडून कळली होती! पण तिने माळ सगळी मोडू दिली नाही. दर हप्त्याला लागतील तेवढ्याच पुतळ्या ती सोडवून देई. शेवटी सात उरल्या. मधल्या जागी तिने काळे मणी ओवले. धनत्रयोदशीला आई ती माळ पूजेत मांडते, मुले दरवर्षी मणी मोजतात आणि दरवर्षी त्यांची बेरीज वेगळी येते.