वाड्यातील झोपाळा फ्लॅटमध्ये

वाईजवळच्या मेणवलीत कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातील वाडा उभा आहे. सुरूदार खांब, महिरपी, कडीपाट ही मराठा लाकूडकामाची ओळख तेथे पटते. अशा वाड्यांत सामान मात्र मोजकेच असे. झोपाळा, चौरंग, पाट, लोड-तक्क्यांची बैठक, सारे जमिनीलगत. कपाटाचे काम भिंतीतील फडताळे आणि कोनाडे करीत.

मेढा, वाई परिसरात एखादे जुने घर उतरविले की त्याचे सागवान विक्रीस निघते. घेण्यापूर्वी वस्तू उलटी करून पाहावी. सांध्यांत ताजा, बारीक भुसा दिसल्यास आत कीड जिवंत आहे असे समजावे. ठोकल्यावर आवाज बद्द आला, तर लाकूड वाळवीने पोखरलेले असू शकते.

वाड्यात झोपाळा तुळईला टांगत. फ्लॅटमध्ये त्याचे हूक फॉल्स सीलिंगला लावणे धोक्याचे. ते स्लॅबला वा बीमलाच हवेत, तेही अभियंत्याच्या सल्ल्याने. पितळी कड्या कितीही देखण्या असल्या तरी भार पेलते ते छतच! हेलकाव्यापुरती मोकळी जागा नसेल, तर झोपाळ्याची अखेर कपडे टाकण्याची फळी होते. चौरंग मात्र कोठेही सामावतो, अगदी टीपॉय म्हणूनही. त्यावर गडद पॉलिश चढवून लाकडाच्या रेषा झाकू नयेत. जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा होतो.