‘फॅक्टर’ आणि ‘फॅक्टरी’ : एक अर्थनिर्णय

शिवकालीन इंग्रजी पत्रव्यवहाराच्या मराठी भाषांतरांत ‘राजापूरचा इंग्रजांचा कारखाना’ असा प्रयोग आमच्या दृष्टीस अनेकदां पडला आहे. मुळांतील शब्द ‘फॅक्टरी’ हा होय. तो हल्लींच्या अर्थानें घेतल्यास इंग्रज राजापुरास माल उत्पन्न करीत होते असा ग्रह होतो, व तो सर्वस्वी चुकीचा आहे.

‘करणें’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘फॅक्टर’ शब्द निघाला. धन्याच्या वतीनें परमुलखांत खरेदीविक्री करणारा तो फॅक्टर, म्हणजे आपला गुमास्ता. त्याच्या राहण्याची व माल सांठविण्याची जागा ती फॅक्टरी. पोर्तुगीजांचे ‘फैतोर’ व ‘फैतोरिया’ हे शब्द ह्याच कुळांतले. त्यांचें असें ठाणें कालिकतास १५०० सालींच पडलें होतें. स्कॉटलंडांत जमीनदाराच्या कारभाऱ्यास अद्यापि फॅक्टर म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मात्र रायटरच्या वरचा व मर्चंटच्या खालचा असा तो एक दर्जाही होता. तेव्हां पत्रांत हा शब्द आला असतां हुद्दा अभिप्रेत आहे कीं काम, हें प्रत्येक ठिकाणीं पाहिलें पाहिजे.

मराठींत ह्या जागेला ‘वखार’ हा उत्तम शब्द असतां ‘कारखाना’ कशास हवा? शिवकालीं कारखाने म्हणजे पीलखाना, जामदारखाना इत्यादि सरकारी खातीं; राज्यव्यवहारकोशांत त्यांस ‘कार्यस्थान’ म्हटलें आहे. म्हणजे ह्या भाषांतरानें एकाच्या जागीं दोन घोटाळे होतात.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. १६६० त राजापूरचा मुख्य फॅक्टर हेन्री रेव्हिंग्टन ह्यानें पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविला व इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. १६६१ त महाराजांनीं राजापूर घेऊन वखार लुटली व इंग्रजांस कैद केलें. त्यांची सुटका १६६३ त झाली. ‘कारखाना लुटला’ असें वाचणारास ही निरुपद्रवी धंदेवाइकांवरील धाड वाटेल. वस्तुतः दंड झाला तो तटस्थता मोडणाऱ्या गुमास्त्यास, व त्याच्या द्वारें धन्यास. सुरतेच्या वरिष्ठांनीं कैद्यांनाच दोष दिला, आणि पुढें त्याच वखारीची नुकसानभरपाई मात्र कंपनीच्या नांवें वर्षानुवर्षें मागितली. माल धन्याचा आणि कृत्य तेवढें गुमास्त्याचें, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. महाराजांसही तो पटलेला दिसत नाहीं.